तुरीनची चव्वेचाळीस मुले

मुलांच्या मनात दया कशी रुजते, या प्रश्नाचे उत्तर आम्ही पालक बहुधा उपदेशात शोधतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात शेजारप्रीतीचा पाठ झाला, मुलाने तो घडाघडा म्हणून दाखवला, की आमचे समाधान होते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग मात्र निराळेच सांगतो. तो घडला १८५४ च्या उन्हाळ्यात, उत्तर इटलीतील तुरीन शहरात.

त्या वर्षी तुरीनमध्ये पटकीची साथ आली. शहराच्या कडेला वाल्डोको येथे डॉन बॉस्को नावाचे एकोणचाळीस वर्षांचे धर्मगुरू निराधार मुलांचा आश्रम चालवीत होते. खेड्यातून कामाच्या शोधात आलेली, गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, आईबापांचे छत्र हरपलेली ही मुले. आश्रमाला लागूनच बोर्गो दोरा ही गरिबांची दाट वस्ती होती आणि साथीचा सर्वांत मोठा तडाखा तिलाच बसला. नगरपालिकेने रोग्यांसाठी तात्पुरती रुग्णालये उघडली; परंतु तेथे काम करण्यास माणसे मिळेनात. भीतीपोटी घरचीच माणसे रोग्याला टाकून निघून जात. २०२० सालची करोनाची साथ पाहिलेल्या आपल्या पिढीला ही भीती नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

५ ऑगस्ट रोजी डॉन बॉस्को यांनी मुलांना एकत्र बोलावले. रोग्यांना तहान लागते, पाणी द्यायला कोणी नाही, हे त्यांनी सांगितले आणि कोण येईल, असे विचारले. सक्ती कोणावरही केली नाही. प्रथम चौदा मुले पुढे आली. काही दिवसांनी आणखी तीस. पापापासून दूर राहून पवित्र मरियेवर भरवसा ठेवाल, तर तुमच्यापैकी एकालाही या रोगाची बाधा होणार नाही, असे आश्वासन त्यांनी दिले. मात्र केवळ आश्वासनावर ते थांबले नाहीत. प्रत्येक मुलाने सोबत शिरक्याची बाटली बाळगावी आणि रोग्याला स्पर्श केल्यावर हात धुवावेत, अशी ताकीदही दिली.

मुलांच्या तुकड्या पाडण्यात आल्या. काही जण रुग्णालयांत व घरोघरी रोग्यांजवळ राहिले, काही वस्तीत फिरून दुर्लक्षित रोग्यांचा शोध घेऊ लागले, तर काही हाक येताच धावण्यासाठी आश्रमात सज्ज राहिले. त्यांनी केले तरी काय? पाणी दिले, अंगे पुसली, चादरी बदलल्या, रोग्यांना रुग्णालयात पोहोचवले. यांतील एकाही कामाला मोठे शिक्षण लागत नाही. लागते ते इतकेच की, दुसऱ्याची घाण आणि दुसऱ्याची वेदना पाहून पाऊल मागे फिरू नये.

या प्रसंगी घरातील मोठ्यांनी काय केले, हे पाहणे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. डॉन बॉस्को यांच्या आई मार्गरिटा या शेतकरी बाई १८४६ पासून मुलाच्या मदतीला वाल्डोकोत राहत होत्या. रोग्यांसाठी मुले त्यांच्याकडे कापड मागू लागली. चादरी संपल्या, कपडे संपले. एका मुलाने एका उघड्या पडलेल्या रोग्यासाठी पांघरूण मागितले, तेव्हा घरात टेबलावरचे कापड तेवढे उरले होते. माउलीने तेही देऊन टाकले. शेवटी मुलाची अनुमती घेऊन तिने वेदीवरची वस्त्रेसुद्धा दिली. वेदीवरचे वस्त्र रोग्याच्या अंगावर गेले, म्हणून वेदीचा अवमान झाला असे कोणाला वाटले नाही. त्या दिवशी त्या मुलांना मिस्साबलिदानाचा अर्थ समजावून सांगण्यासाठी निराळ्या प्रवचनाची गरज उरली नसेल.

साथ ओसरली. चव्वेचाळीसपैकी एकालाही पटकीची बाधा झाली नाही, असे डॉन बॉस्को यांचे चरित्रकार नमूद करतात. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे जगाला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले आणि फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे जंतू पाहिले. पण दोघांचेही म्हणणे मान्य होण्यास पुढे बराच काळ जावा लागला. आज आपण म्हणू की, हात धुण्याच्या शिस्तीने मुलांना तारले. मुलांनी म्हटले, मरियामातेने तारले. या दोन उत्तरांत भांडण आहे, असे आम्हांला वाटत नाही. ज्याने प्रार्थना शिकवली, त्यानेच शिरक्याची बाटलीही हाती दिली होती.

या सेवेचे फळ त्या उन्हाळ्यापुरते राहिले नाही. साथीनंतर ऑक्टोबर महिन्यात दोमिनिक साव्हियो हा बारा वर्षांचा मुलगा आश्रमात दाखल झाला. १८५६ च्या जून महिन्यात त्याने सोबत्यांसह निष्कलंक मरियेच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा खोडकर मुलाला एकेका सभासदाने आपला मानावे, त्याच्याशी खेळावे, त्याला सांभाळावे, असे त्या मंडळाचे काम होते. पुढच्याच वर्षी दोमिनिक निवर्तला. १९५४ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. मंडळातील अनेक सोबती १८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को यांच्या खोलीत जमले आणि सेलेशियन संघाचा पाया घातला गेला. रोग्यांच्या सेवेला गेलेल्यांपैकी मिखाएल रुआ पुढे डॉन बॉस्को यांचे उत्तराधिकारी झाले. जॉन कालिएरो १८७५ साली पहिले मिशनरी पथक घेऊन अर्जेंटिनाला गेले आणि कार्डिनल झाले. हाच संघ १९०६ साली तंजावरला आला आणि पुढे मुंबईतही पोहोचला. आपल्या कित्येक घरांतील मुले त्याच्या शाळांत शिकली.

मुलांना साथीच्या रोगात लोटावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आज तसे करणे अपराधच ठरेल. परंतु आम्ही दुसऱ्या टोकाला तर गेलो नाही ना, हे तपासायला हवे. आजी अंथरुणाला खिळलेली असते. नातू दारात घुटमळतो, तिला पाणी द्यावे असे त्याच्या मनात येते आणि आम्हीच म्हणतो, "तू अभ्यासाला बस, आम्ही बघतो." शेजारी कोणी वारले, तर मुलांना घरीच ठेवतो. उपवासकाळात दानपेटीत टाकायचे पैसे आमच्याच खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवतो. मुलांना त्रास होऊ नये, हा हेतू चांगला असतो. परंतु दुसऱ्याचा त्रास ज्याने कधी जवळून पाहिला नाही, त्याला उद्या आमचा त्रास तरी कसा दिसावा?

वाल्डोकोची मुले सुखवस्तू घरांतली नव्हती. स्वतःच दुसऱ्याच्या दयेवर वाढलेल्या त्या मुलांना कोणीतरी प्रथमच सांगितले की, तुमच्याजवळही देण्यासारखे काही आहे. त्यांच्यावर असा विश्वास टाकणारे धर्मगुरू त्यांना लाभले, आणि दारात कापड मागायला आल्यावर "आता काही उरले नाही" असे न म्हणणारी एक आई लाभली. आमच्या आजीच्या खोलीच्या दारात घुटमळणाऱ्या मुलाला आज त्याहून अधिक काही नको आहे. पाण्याचा तांब्या त्याच्या हाती द्यावा. थोडे सांडेल, सांडू द्यावे.