नारिंगी सदरा आणि कामाची जागा

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत सरकारी पैशावर आणि बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळांत फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट या मूलनिवासी समाजांतील दीड लाखांहून अधिक मुले ठेवली गेली. त्यांना आईवडिलांपासून तोडून त्यांची भाषा व चालीरीती पुसून टाकणे हा या व्यवस्थेचा उघड हेतू होता. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तेथील क्षयरोगाविषयीचा अहवाल १९०७ मध्येच दिला होता, तरीही १९२० मध्ये कायद्याने हजेरी सक्तीची झाली. तेव्हा अज्ञानाची सबब येथे टिकत नाही.

ब्रिटिश कोलंबियातील सेंट जोसेफ मिशन शाळेत १९७३ मध्ये सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅड यांचा नवा नारिंगी सदरा पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला, आणि त्यांच्या कथनातून २०१३ मध्ये ३० सप्टेंबरचा स्मरणदिन सुरू झाला. संघीय कायद्याखाली येणाऱ्या बँका, विमान कंपन्या आदी आस्थापनांत २०२१ पासून ही भरपगारी सुटी आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ती २०२३ मध्ये स्वीकारली.

कार्यालयात त्या दिवशी नारिंगी सदरा घालणे तुलनेने सोपे आहे. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ आवाहनांपैकी ९२ वे थेट उद्योगक्षेत्राला उद्देशून असून, आर्थिक प्रकल्पांपूर्वी मूलनिवासींची मुक्त व पूर्वमाहितीसह संमती घेणे, नोकऱ्या व प्रशिक्षणाची न्याय्य संधी देणे आणि व्यवस्थापनासह सर्व कर्मचाऱ्यांना या शाळांचा इतिहास शिकवणे, अशा कितीतरी अवघड गोष्टी ते मागते.