फ्रॉकचा फर्मा आणि घरचा अ‍ॅप्रन

नंदुरबार जिल्ह्यात 'अ‍ॅप्रन' म्हटले की आधी आठवतो तो दवाखान्यातला किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट. मानेत अडकवायचा, कमरेला मागे बांधायचा आणि पुढून अंग झाकणारा स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन इथे उशिरा आला. त्याने स्वतःचा नमुनाही सोबत आणला नाही. शिवणवर्गात शिकलेली बाई तो अजूनही फ्रॉकच्या किंवा गाऊनच्या कागदावरूनच बेतते. मराठीत 'बेत' आणि 'बेतणे' हे शब्द शेजारी-शेजारी नांदतात. शिवणाऱ्यांच्या भाषेत बेतणे म्हणजे अंगाचे माप, कापडाचा पन्हा (रुंदी) आणि हाती असलेला नमुना यांचा मेळ घालून कात्री कुठून फिरवायची ते ठरवणे. घरच्या अ‍ॅप्रनचा इतिहास मुख्यतः या बेतण्याचा इतिहास आहे.

अ‍ॅप्रन नव्हता तेव्हा त्याचे काम अडले होते असे नाही. नऊवारी लुगड्याचा पदर हात पुसायला, तापलेले भांडे उतरवायला आणि घाम टिपायला पुरत असे. निऱ्यांच्या वरचा ओचा खिशाचे काम करी. कापूस वेचताना पदराची किंवा जुन्या धोतराची झोळी कमरेला बांधली जाई. आजही जाते. चुलीपुढे बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला पुढून लोंबणाऱ्या कापडाची गरज नव्हती, उलट विस्तवापाशी ते धोक्याचेच. ओटा आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, पोटाशी पाणी आणि तेल उडू लागले, तेव्हा कुठे अ‍ॅप्रनला जागा झाली. त्याच सुमारास साडीऐवजी पंजाबी ड्रेस आणि गाऊन घरात रुळले आणि हात पुसायचा पदर गेला.

शेतावर आणि बाजारात मात्र अ‍ॅप्रनचा एक देशी अवतार फार आधीपासून आहे: नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. शहराभोवतीच्या मोकळ्या जागांवर ओली लाल मिरची वाळत घालतात. त्या जागांना पथारी म्हणतात. तिथे देठ खुडणाऱ्या बायका साडीवर असा शर्ट चढवतात, बटणे गळ्यापर्यंत लावतात आणि नाकातोंडावर फडके बांधतात. मिरचीची धूळ कोपराच्या लवेत आणि मानेच्या घामात बसली की संध्याकाळपर्यंत आग होते. शर्टाचा उपाय साधा आहे, आणि त्याला एका टाक्याचाही खर्च नाही.

शिवणकाम हा या भागात शिंप्याचा जातिधंदा होता. खानदेशातले अहिर शिंपी पिढ्यान्‌पिढ्या कापड विकत आणि शिवत आले. संत नामदेव हे शिंप्यांचे दैवत, आणि गज-कात्री ही धंद्याची अवजारे त्यांच्या नावावरच्या रचनांतही येतात. पण गावातल्या शिंप्याकडे शिवायला येणारे कपडे मोजकेच असत: पुरुषांची बंडी, कोपरी, पैरण, अंगरखा आणि बायकांची चोळी. लुगडे, धोतर, फेटा, उपरणे यांना सुई लागत नव्हती. लहान मुलांची झबली-कुंच्या घरीच होत. कुंची पाहिली तर बेतण्याची जुनी हुशारी कळते. एका आयताकृती तुकड्याची घडी घालून मागून एक शिवण मारली की टोपरे होते, आणि उरलेले कापड पाठीवर झुलते. छाटण जवळजवळ काहीच पडत नाही.

शिंप्याकडे कागदी नमुना नसे. नमुना म्हणजे गिऱ्हाईकाचा जुना कपडाच. 'मापाची चोळी' देण्याची रीत पुढे 'मापाचा झंपर' आणि 'मापाचा ब्लाउज' अशी नावे बदलत आली, पण रीत तीच राहिली. शिंप्याच्या दुकानात टेप गळ्यात अडकवलेला असतो, तरी बाई पिशवीतून नीट बसणारा एक ब्लाउज काढून देते आणि काम त्याच्यावरून होते. शिवण उसवून सुटे केलेले जुने कापड हा तर सगळ्यांत भरवशाचा फर्मा. त्यात कापणाऱ्याची चूक आणि घालणारीची ठेवण दोन्ही दिसतात.

नंदुरबार गावाला कापडाची ओळख नवी नव्हती. सुरत-बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवर ते पडते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये १६६६ साली इथे इंग्रजांची वखार असल्याची नोंद आहे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा मात्र गाव अर्धेअधिक उजाड झाले होते. त्याला पुन्हा उभारी आली ती १९०० च्या सुमारास, तापी खोऱ्याची रेल्वे सुरू झाल्यावर. सुरत-अहमदाबादकडचे गिरणीचे कापड थेट स्टेशनात उतरू लागले. पुढे अमळनेरच्या प्रताप मिलचे कापडही जवळच मिळू लागले. मांजरपाट, छिटे हे सगळे वारावर घेता येऊ लागले. कापड स्वस्त झाल्याशिवाय घरात कात्री धरण्याचे धाडस कोणी करत नाही. हातमागाच्या महाग तुकड्यावर चूक परवडत नाही, गिरणीच्या छिटावर एखादी खपते.

दुसरी गोष्ट आली ती मशीन. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये पेटंट घेतले, आणि एकोणिसावे शतक संपण्याआधीच सिंगरचे मशीन हिंदुस्थानात, मुंबईच्या पारशी एजंटांमार्फत, हप्त्याने विकले जाऊ लागले. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये अपवाद म्हणून नाव घेतले ते शिलाई मशीनचेच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन बाजारात आणले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ते लग्नात मुलीला देण्याच्या वस्तूंत जाऊन बसले. सातपुड्यातले चित्र वेगळे होते. धडगाव, मोलगीकडे मशीन आधी घरात नव्हे, आठवडे बाजारात पोहोचले. कापड घ्यायचे, शेजारी बसलेल्या शिंप्याकडे द्यायचे आणि बाजार आटोपेपर्यंत शिवून घ्यायचे. पावरा आदिवासी बायकांच्या घेरदार घागऱ्याला भरपूर कापड आणि लांबच लांब सरळ टीप लागते. हाताने ती दिवसाची बाब, मशीनवर तासाभराची. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात म्हणूनच कापडवाल्यांची आणि शिंप्यांची चलती असते.

मशीन बाईच्या हाती जाण्यामागे महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने शिवण हे विधवा आणि गरजू स्त्रियांच्या पोटापाण्याचे साधन म्हणून शिकवले. त्याआधी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही हाताला काम देण्यावर भर होता. तोवर शिवण हा शिंप्याचा धंदा होता, नंतर तो कुणाही बाईला शिकता येईल असा विषय झाला. पुढे महिला मंडळांचे शिवणवर्ग, शाळेतला कार्यानुभवाचा तास आणि आयटीआयमधला 'कटिंग अँड सुइंग' हा ट्रेड यांनी तो तालुक्यांपर्यंत नेला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या नव्या जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाच्या आणि बचत गटांच्या योजनांत शिलाई मशीन ही वस्तू वारंवार येते. फुकटचे मशीन घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्याची उदाहरणेही कमी नाहीत. मशीन मिळाले म्हणून बेतणे येत नाही.

बेतणे शिकवण्यासाठी लागतो कागद. घरगुती शिवणासाठी वेगवेगळ्या मापांचे छापील कागदी नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये विकायला काढले. महाराष्ट्रात तयार नमुना विकत घेण्याची सवय कधी रुजलीच नाही. इथे वर्गातली मुलगी खाकी कागदावर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर स्वतःच आराखडा काढते. त्याला 'पेपर कटिंग' म्हणतात. मुंबईच्या झारापकर टेलरिंग कॉलेजची पद्धत आणि त्यांची पुस्तके यांनी कित्येक पिढ्यांना हे गणित शिकवले: छाती मोजायची, तिचा चौथा भाग घ्यायचा, त्यात ढिलाई मिळवायची आणि तिथून मुंढा, खांदा, गळा यांच्या रेघा काढायच्या. वर्गाचा क्रमही ठरलेला असतो. आधी झबले, मग परकर, मग फ्रॉक, मग ब्लाउज. फ्रॉक आला की मुलीच्या हातात अंगाचा पुढचा भाग, पाठ, बाही आणि घेर असे सगळे सुटे तुकडे येतात. यांतला पुढचा तुकडा एकटा उचलला की अ‍ॅप्रन निम्मा तयार.

उरलेला निम्मा कसा होतो ते मापांतच पाहावे. ३६ इंच छातीच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकसाठी पुढच्या भागाचा अर्धा आराखडा घडीवर काढतात. छातीचा चौथा भाग ९ इंच, ढिलाई दीड इंच, म्हणजे बाजूची रेघ घडीपासून साडेदहा इंचांवर. खांद्यापासून कमर १५ इंचांवर. अ‍ॅप्रनसाठी खांदा आणि गळा सोडून द्यायचे. खांद्याखाली ५ इंचांवर आडवी रेघ मारायची आणि घडीपासून तिच्यावर ५ इंच मोजायचे. हा छातीवरच्या पट्ट्याचा अर्धा भाग, उघडल्यावर १० इंच. कमरेवर बाजूची रेघ साडेदहावरून १३ वर न्यायची, म्हणजे अ‍ॅप्रन अंगाच्या बाजूंना वळसा घालतो. मग पट्ट्याच्या टोकापासून कमरेच्या टोकापर्यंत मुंढ्याची गोलाई खाली ओढत आणायची. फ्रॉकमध्ये मुंढा काखेपाशी थांबतो, इथे तो कमरेपर्यंत उतरतो. सगळा फेरफार या एका रेघेत आहे, आणि शिकाऊ हात चुकतो तोही इथेच. गोलाई फार सरळ काढली तर पट्टा छातीवर फुगतो, फार खोल काढली तर पोटाची बाजू उघडी पडते. कमरेखाली २० इंच उंची पुरते. टक लागत नाहीत, पाठ लागत नाही, काज-बटनही नाही.

कापडाचा हिशेब याहून गमतीचा. फ्रॉकला दोन-अडीच वार कापड जाते, अ‍ॅप्रन एका वारात बसतो. ३६ इंच पन्ह्याचे कापड उभे मधोमध दुमडले की घडीपासून काठापर्यंत १८ इंच मिळतात. अर्ध्या अ‍ॅप्रनला १३ इंच, शिवणीच्या आत सोडायच्या कापडाला १ इंच. या आत सोडलेल्या कापडाला शिवणाऱ्यांच्या भाषेत 'माया' म्हणतात. उरतात ४ इंच. दोन्ही थरांतली ही ४ इंची उभी पट्टी म्हणजे कमरेच्या दोन नाड्या, प्रत्येकी जवळपास वारभर. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्या छाटणीतून एक खिसा आणि मानेच्या पट्टीचे दोन तुकडे निघतात. म्हणून घरी शिवलेल्या अ‍ॅप्रनच्या मानेवर, बरोबर मागे, एक जोड असतो. विकतच्या अ‍ॅप्रनमध्ये तो दिसत नाही. गोलाईच्या काठाला लागणारी उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी मात्र या कापडातून निघत नाही. ती दुसऱ्याच कुठल्या कातरणीतून येते, बहुतेक वेळा दुसऱ्याच रंगाची.

जुन्या फ्रॉकचा किंवा गाऊनचा अ‍ॅप्रन करताना कागदही लागत नाही. गाऊन पाठीकडे आणि काखेत आधी विरतो, पुढचा भाग टिकतो. पाठ कापून टाकली आणि पुढच्या भागाची बाजू गोल केली की काम झाले. उरलेल्या पाठीची रवानगी गोधडीत. चांगल्या कापडाचा अ‍ॅप्रन शिवणे हे या भागातल्या घरांना अजूनही उधळेपणाचे वाटते, आणि ते चूक नाही.

घराबाहेर अ‍ॅप्रनची मागणी वाढली ती सरकारी स्वच्छतेच्या नियमांमुळे. शाळेतल्या पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या बायका, खानावळी, यात्रेतले खाद्यपदार्थांचे स्टॉल या सगळ्यांकडून डोक्याला टोपी आणि अंगावर अ‍ॅप्रन अशी अपेक्षा केली जाऊ लागली. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजाराइतकीच गर्दी खाण्याच्या पालांवर असते. अशा ठिकाणी एकाच मापाचे दहा-वीस अ‍ॅप्रन लागतात, आणि बचत गटाला ते काम झेपते. एकदा कागद कापला की थरावर थर ठेवून कापड कापता येते. २०२० मध्ये राज्यभरच्या बचत गटांनी मास्क शिवले तेव्हा हीच पद्धत उपयोगी पडली.

मिरचीच्या पथारीवर मात्र अ‍ॅप्रन पोहोचलेला नाही. तो हात उघडे ठेवतो आणि मानही. तिथे अजून जुना शर्टच वापरतात.