पुसलेल्या फितींची प्रतवारी

१९६६ ते १९६९ या काळात पॅट्रिक ट्राउटन नायक असलेल्या बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील कथांची प्रतवारी लावू पाहणाऱ्या रसिकाची अडचण ही, की ज्या दप्तरावरून निवाडा करावयाचा, त्यातील पुष्कळसा ऐवज, महागड्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याच्या तत्कालीन शिरस्त्यापायी, खुद्द मालकानेच नाहीसा केला. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या सहा भागांच्या कथेचा तिसरा भागच काय तो उरला होता, आणि तेवढ्यावर व ध्वनिमुद्रणावर विसंबून पुष्कळांनी तिला खालची पायरी दिली (न्याय अजबच!). २०१३ साली नायजेरियातील जोस येथून बाकीचे भाग हाती आले, तेव्हा डॉक्टर आणि मेक्सिकन धाटणीने बोलणारा खलनायक सालामँडर अशा दुहेरी भूमिकेतले ट्राउटन प्रत्यक्ष दिसले. माझ्या मते तिचे स्थान पहिल्या पाचांत आहे.