शिकणाऱ्या आईचे मूल

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. पती बिपिनबिहारी मेधावी आदल्या वर्षी वारले होते. आईवडील आणि बहीण त्याआधीच दुष्काळाने नेली होती, भाऊ श्रीनिवासही राहिला नव्हता. माहेर नाही, सासर नाही, पदरात तान्ही म्हणावी इतकी लहान मुलगी आणि मनात डॉक्टर होण्याची इच्छा. बोटीच्या भाड्याची सोय त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून केली. वांटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनीसंघात त्या उतरल्या, त्याचे पुण्यातही काम होते. म्हणून तिथल्या राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात त्यांनी पुण्याला जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे ठरले. भाड्याचा हिशोब झाला, जेवणाचा झाला, शिकवणीचा झाला. आई अभ्यासाला बसेल तेव्हा मुलीला कोण बघणार आणि त्याबद्दल काय द्यावे लागणार, हे मात्र कोणी मांडून ठेवले नव्हते. ती किंमत पुढे चुकती झालीच. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण शाळा, फी, शिष्यवृत्ती आणि सनातन्यांचा विरोध अशा शब्दांत सांगत आलो. मूल सांभाळण्याचा खर्च त्या इतिहासात प्रत्येक वळणावर आहे. तो पैशांत क्वचितच दिला गेला, म्हणून तो दिसत नाही.

कानाच्या दुखण्यामुळे रमाबाईंना वैद्यकीचा नाद सोडावा लागला. त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, तिथे शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. या काळात मनोरमेच्या संगोपनाचा मोठा भार वांटेजच्या भगिनींवर होता. त्यांनी तो मायेने उचलला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण जो मूल सांभाळतो तो त्याला घडवतोही. मनोरमेला धर्माचे कोणते पाठ द्यावेत यावरून रमाबाई आणि त्याच संघातल्या सिस्टर जेरल्डीन यांच्यात वाद झाला. तो त्यांच्या पत्रव्यवहारात आजही वाचायला मिळतो. स्वतःच्या बुद्धीला न पटलेली शिकवण लेकीच्या गळी उतरवली जाऊ नये, एवढाच या आईचा आग्रह होता. तोही तिला उपकाराच्या ओझ्याखालून धरावा लागला. पुढे आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायला त्या अमेरिकेतच थांबल्या आणि मनोरमेला परत इंग्लंडला पाठवावे लागले. मुलीच्या मनावरचा आपला हक्क दुसऱ्याशी वाटून घेणे आणि तिचा सहवास काही वर्षे गमावणे, ही त्या शिक्षणाची आणि कामाची न लिहिलेली फी होती. एका पगारी दाईला हक्काने ‘हिला हे शिकवू नका’ असे सांगता येते. जिथे सांभाळ फुकट असतो, तिथे हे सांगण्याचा अधिकार आधी गहाण पडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. रमाबाई एकाकी होत्या म्हणून हे झाले. आपल्याकडे एकत्र कुटुंब होते, मूल कधी मोठे झाले ते कळतही नसे. हे खरे आहे, पण कोणाला कळत नसे तेही विचारले पाहिजे. भरल्या वाड्यात मुलांना न्हाऊमाखू घालणारी, भरवणारी, रात्री थोपटणारी बाई पुष्कळदा घरातली विधवा आत्या किंवा मावशी असे. तिला पगार नव्हता, ना म्हणण्याची सोय नव्हती, आणि दोन वेळच्या जेवणाची जाणीव तिला सतत करून दिली जाई. रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये आणि अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये सुरू झाला तो याच बाईसाठी. ज्या विनावेतन हातांवर सगळ्यांची मुले वाढत होती, त्याच हातांत या संस्थांनी पाटी-पेन्सिल दिली. सनातनी घरांचा राग धर्मापोटी होता हे तर आहेच. पण घरातले एक फुकटचे माणूस उठून जाते आहे, हा व्यवहारही त्या रागाच्या तळाशी असणार असे मला वाटते. शिवाय शिकायला निघालेल्या विधवेलाही मूल असू शकत होते. अण्णासाहेबांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांना विशीत वैधव्य आले, पदरी मुलगा होता. वयाची पंचविशी ओलांडल्यावर त्या शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी मिळवत थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्यांना बहिणीचे घर मिळाले. ज्यांना अशी बहीण नव्हती त्यांची नावे कोणत्याही पटावर नाहीत, कारण त्या शाळेच्या दारापर्यंत पोचल्याच नाहीत. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर संसारी बायकांसाठी दुपारचे वर्ग ठेवले, त्यामागची समज मला मोलाची वाटते. मागची आवराआवर झालेली, पुरुष कामावर गेलेले, मूल जेवून निजलेले अशा वेळेत त्यांनी शाळा बसवली. मात्र मुलाच्या झोपेत बसेल तेवढेच शिक्षण त्यात शक्य होते. ताप आलेले मूल दुपारी झोपत नाही.

विधवा आत्येच्या खालोखाल हा खर्च ज्यांनी उचलला त्या म्हणजे घरातल्या थोरल्या मुली. ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये अनुताईंसह डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. बाईंनी कारणे शोधली तेव्हा ती पाड्यावर फिरतानाच सापडली: मुलगे गुरांमागे रानात, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन झोपडीच्या दारात. आईबाप मजुरीला गेलेले. अशा मुलीच्या कमरेचा कोन बघितला की कळते, ती किती महिने, किती वर्षे हे ओझे वाहते आहे. एक हात बाळाखाली कायमचा अडकलेला. तिच्या हातात पाटी द्यायची तर आधी ते बाळ कोणीतरी घ्यायला हवे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. आणि या मुलींसाठी विकासवाडी निघाली, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बाळ झोळीत, मधले भावंड बालवाडीत, ताई वर्गात. दिवसाची सुरुवात मुलांना आंघोळ घालण्यापासून आणि केस विंचरण्यापासून होई. हे अध्यापनशास्त्राचे मोठे पाऊल म्हणून सांगितले जाते आणि ते आहेच. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, बाळ सांभाळणे हा शिक्षणाचाच खर्च आहे आणि तो शाळेने उचलायचा आहे, हे इथे प्रथम कृतीने मान्य झाले. कोसबाडमध्ये शिकणारी आई नव्हती, ताई होती, एवढाच फरक. पण गणित तेच आहे. एका बाईच्या मोकळ्या हातांसाठी दुसरीचे हात बांधले जातात, आणि बांधले जाणारे हात बहुधा तिच्याहून दुबळ्या मुलीचे असतात.

सरकारला हा खर्च समजत नव्हता असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत, तिला बाळागोळी म्हणत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत यावर डॉक्टरांनी आणि कामगार-चौकश्यांनी लिहिले, आरडाओरडा झाला, १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूती लाभाचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा, कडू विषय आहे. तत्त्व मात्र कायद्यात आले: बाईच्या हातांचे काम हवे असेल तर तिच्या मुलाची जागाही दाखवा. मागाजवळ उभ्या असलेल्या आईला जे मिळाले ते बाकावर बसलेल्या आईला मिळाले नाही. २०१७ च्या सुधारित प्रसूती लाभ कायद्यातले पाळणाघरही नोकरदार स्त्रीसाठीच होते. विद्यार्थिनी कोणाची नोकर नसते, म्हणून तिचे मूल कोणत्याच कलमात बसत नाही.

‘शिकायचे हा तिचा निर्णय, मूल हाही तिचा निर्णय, त्याचा भार समाजाने का घ्यावा?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही, कारण तिजोरी सर्वांची असते. पण महाराष्ट्राने याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे, फक्त वेगळ्या विद्यार्थ्यासाठी. राजर्षी शाहू महाराजांना दिसले की खेड्यातला बहुजन मुलगा कोल्हापुरात शिकत नाही याचे कारण केवळ फी नव्हे. रात्री अंग टाकायला जागा नाही आणि दोन वेळा भाकरी नाही. म्हणून त्यांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी करवली. झोपणे आणि जेवणे ही काही शिक्षणाची अंगे नव्हेत, असे तेव्हाही म्हणता आले असते. महाराजांनी विद्यार्थ्याच्या आयुष्याकडे पाहिले आणि जिथे अडते तिथे पैसा घातला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ताही याच विचारातून आला आहे. वसतिगृहाची खाट हा विद्यार्थ्याचा शैक्षणिक खर्च मानायचा आणि विद्यार्थिनीच्या बाळाची झोळी मात्र तिची खासगी बाब मानायची, या भेदाला मला कोणताही आधार दिसत नाही.

आज हा भेद अधिक खुपतो, कारण फीचा अडसर पुष्कळ हटला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्याने २०२४ मध्ये माफ केले. लग्नानंतर थांबलेले बी.एड. किंवा नर्सिंग पुन्हा धरणारी एखादी आई आता फीच्या रकान्यात शून्य लिहू शकते. पाळणाघराच्या रकान्यात नाही. तिथे महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात द्यायचे असतात, प्रॅक्टिकल लांबले तर वरच्या तासाचे वेगळे, आणि मूल आजारी असेल तर पाळणाघर घेत नाही पण महिना तसाच चालू राहतो. पिशवीत दोन जादा कपडे, दुधाची बाटली, नाव घातलेला डबा. पाळणाघर चालवणाऱ्या काकूही काही नफेखोर नसतात. स्वतःच्या दोन खोल्यांत सात-आठ मुले सांभाळून त्या जे मिळवतात ते त्यांच्या श्रमाला पुरे पडत नाही. म्हणजे शिकणाऱ्या बाईला परवडावे म्हणून सांभाळणाऱ्या बाईने कमी घ्यायचे. वाड्यातल्या आत्येचेच हे दुसरे रूप आहे. अंगणवाडी आहे, पण ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तीही दिवसातले काही तास बसवते. दीड वर्षाच्या मुलाच्या आईला तिचा उपयोग होत नाही.

मुक्त विद्यापीठामुळे हा प्रश्न सुटला, असेही म्हणतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले आणि अनेक गृहिणींना त्याने पदवीपर्यंत नेले, त्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण घरी शिकणे म्हणजे मूल झोपल्यावर शिकणे. सेवासदनाची दुपार आता रात्री अकरावर गेली, इतकेच. रुग्णालयातली ड्यूटी, शाळेतले सराव-पाठ, प्रयोगशाळा यांना रात्र चालत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली, शिवाय दोन वर्षांची मुदतवाढ दिली. मुदत वाढल्याने अभ्यास पुढे ढकलता येतो. रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मूल कोणाकडे ठेवायचे, हे त्या नियमात लिहिलेले नाही.

खर्चाचा बाऊ करण्याआधी एक गोष्ट पाहावी. गृहविज्ञानाच्या काही महाविद्यालयांत बालविकास विभागाच्या प्रयोगशाळा-बालवाड्या आधीपासून आहेत. लहान बाके, खेळणी, प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अनुभवी बाई, सगळे एका छताखाली असते. ती बालवाडी भरते आणि सुटते ती निरीक्षणाच्या तासिकांनुसार. ती सकाळी महाविद्यालयाबरोबर उघडावी, शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर बंद व्हावी, एका कोपऱ्यात दोन झोळ्या टांगाव्यात, आणि प्रवेशअर्जात शिष्यवृत्तीच्या रकान्याखाली मुलाचे वय विचारणारी एक ओळ असावी.