एन्ट्रॉपीची संकल्पना आणि बोरिवलीचे अरण्य

१८६५ मध्ये क्लाउझिउस याने ‘एन्ट्रॉपी’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता तो उष्णतेपासून कार्य कसे व किती मिळते, एवढाच. सजीव सृष्टीकडे ही संकल्पना प्रथम ठामपणे वळविली ती बोल्ट्‌झमानने. व्हिएन्ना येथील १८८६ च्या व्याख्यानात त्याने असे प्रतिपादन केले की, प्राणिमात्रांची जीवनार्थ चाललेली धडपड मूलद्रव्यांसाठी नव्हे, कारण ती हवा, पाणी व मृत्तिका यांत विपुल आहेत. ऊर्जेसाठीही नव्हे, कारण उष्णतेच्या रूपाने ती प्रत्येक पदार्थात आहेच. ही धडपड एन्ट्रॉपीसाठी आहे, आणि ती साध्य होते तप्त सूर्याकडून शीत पृथ्वीकडे होणाऱ्या ऊर्जेच्या संक्रमणामुळे. डब्लिन येथे १९४३ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत श्रोडिंजरने हाच विचार पुढे नेऊन, सजीव परिसरातून ‘ऋण एन्ट्रॉपी’ शोषून घेतो, असे म्हटले. ही शब्दयोजना अनेक भौतिकीविदांना रुचली नाही, आणि पुढे त्याने स्वतःच ‘मुक्त ऊर्जा’ हा शब्द त्यांच्या दृष्टीने अधिक योग्य ठरला असता, हे मान्य केले.

१९४८ मध्ये शॅननने अवगम-सिद्धांत मांडला आणि या इतिहासाला निराळेच वळण लागले. त्याच्या सूत्राचे रूप बोल्ट्‌झमानच्या सूत्रासारखे असले, तरी त्यात तापमान नाही. आहे ती केवळ अनिश्चितता. मॅकआर्थरने १९५५ मध्ये अन्नजालातील ऊर्जेच्या मार्गांना आणि मार्गालेफने १९५८ च्या सुमारास जीवसमुदायांतील जातींच्या वाटणीला हे सूत्र लावले. एखाद्या वनखंडात चार जातींचे वृक्ष समप्रमाणात असतील, तर एन्ट्रॉपी २ बिट येते. तेथेच एका जातीचे ९७ टक्के व उरलेल्या तिन्हींचा प्रत्येकी १ टक्का असेल, तर ती ०.२४ वर उतरते. जातींची संख्या तीच. पण पुढचा वृक्ष कोणत्या जातीचा असेल, याविषयीची अनिश्चितता जवळजवळ संपलेली असते.

या मापाची कसोटी पाहावयास मुंबईकराला दूर जावे लागत नाही. पश्चिमेस बोरिवली व पूर्वेस मुलुंड यांच्या मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे अरण्य आहे. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि त्यानंतरचा तुळशी तलाव यांच्या पाणलोटामुळे त्यातील बराचसा भाग वस्तीपासून वाचला. शहराची तहान हीच या वनाची रक्षक ठरली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. मात्र अरण्याच्या कडेला घाणेरीसारखी परकी झुडपे शिरतात, तेव्हा प्रारंभी जातींची संख्या वाढते आणि सूत्राने काढलेला आकडाही वाढू शकतो. वन बिघडत असता माप मात्र ते समृद्ध झाल्याचे सांगते! उलट, २०१५ मधील छायाचित्र-गणनेत या अरण्यात व लगतच्या परिसरात आढळलेले ३५ बिबटे वनातील असंख्य जीवांच्या गणतीत मिळविले, तरी आकडा हलणारही नाही. चितळ, सांबर, वानर यांच्या संख्येवर ज्याचा वचक, त्याचेच वजन गणितात नगण्य! शॅननचे सूत्र ‘किती व कोणत्या प्रमाणात’ एवढेच विचारते. ‘कोण कोणावर अवलंबून’ हा प्रश्न त्यात नाही.

मॅकआर्थरने तो प्रश्न विचारला होता, हे त्याचे श्रेय. भक्षकाकडे ऊर्जा जितक्या अधिक मार्गांनी पोहोचते, तितका समुदाय स्थिर, असे त्याचे म्हणणे होते. एक मार्ग आटला, तरी दुसरा उरतो. परंतु १९७२ मध्ये रॉबर्ट मे याने गणिताने दाखविले की, यदृच्छेने जोडलेल्या व्यूहात जाती व त्यांचे परस्परसंबंध वाढत गेले, तर एका मर्यादेपलीकडे स्थैर्य ढासळते. तेव्हा जटिलता व स्थैर्य यांचे नाते मार्गांच्या संख्येत नसून त्यांच्या रचनेत शोधावे लागते.

बोरिवलीत ही रचना कुंपणापाशी थांबत नाही. तेथील बिबट्यांच्या आहारात चितळांबरोबर वस्तीलगतच्या कुत्र्यांचाही मोठा वाटा आहे, आणि ती कुत्री पोसली जातात उपनगरांच्या कचऱ्यावर. मॅकआर्थरच्या पद्धतीने या अन्नजालाची एन्ट्रॉपी काढावयाची, तर मार्गांच्या यादीत चितळ व सांबर यांच्याबरोबर उपनगरातील उकिरडाही धरावा लागेल. केवळ उद्यानाच्या हद्दीत केलेल्या गणनेत तो मार्ग मुळीच येत नाही.