चातुर्मासाचे नेम : संकल्पापासून उद्यापनापर्यंत

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत एखादा पदार्थ वर्ज्य करण्याचा किंवा एखादे कृत्य रोज न चुकता करण्याचा निश्चय करणे, म्हणजेच चातुर्मासाचा नेम धरणे, ही महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल आहे. पुण्य जोडण्याचा एक मार्ग म्हणूनच तिच्याकडे बहुधा पाहिले गेले. परंतु माणसाने स्वतःला नवी सवय कशी लावावी आणि लावलेली सवय कशी टिकवावी याविषयीचा फार जुना विचार तिच्यात साठलेला आहे, आणि तो विचार मनोबलापेक्षा ऋतू, मुदत, साक्षीदार व चुकलेल्याला परत येण्याची वाट यांवर अधिक विसंबतो.

या चालीचे मूळ पावसाळ्यात आहे. नद्यांना पूर आल्यावर वाटा बंद होत आणि भटकंती करणाऱ्या संन्याशाला एका जागी थांबणे भाग पडे. बौद्ध भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास हे दोन्ही याच गरजेतून रूढ झाले. कान्हेरी किंवा जुन्नर येथील लेण्यांतील विहार पाहिले की या मुक्कामासाठी किती खटपट केली जाई याची कल्पना येते. वर्षावासाच्या शेवटी 'प्रवारणा' होई, म्हणजे आपल्या हातून घडलेला दोष कोणी पाहिला, ऐकला वा त्याची शंका घेतली असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघाला करी. मुदत संपताना इतरांसमोर हिशेब द्यायचा ही गोष्ट तेव्हापासूनच ठरलेली दिसते. गृहस्थाला मठात बसणे शक्य नव्हते. त्याने घर आणि शेत सांभाळून पाळता येईल एवढाच संयम या ऋतूतून उचलला.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ रचला, त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रते एकत्र केलेली आहेत. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी 1790 मध्ये पूर्ण केलेल्या 'धर्मसिंधू'ने हा सारा पसारा व्यवहारात वापरता येईल अशा आटोपशीर रूपात मांडला. चातुर्मास्याच्या आरंभासाठी एकादशी, द्वादशी, पौर्णिमा किंवा कर्कसंक्रांत असे पर्याय शास्त्रकारांनी दिले, समाप्ती मात्र कार्तिकातच ठेवली. त्यामुळे पहिला दिवस हुकलेल्या माणसाला वर्षभर थांबण्याचे कारण उरले नाही, आणि शेवट सर्वांचा जवळपास एकाच वेळी येत असल्याने नेम पाळणाऱ्याला आजूबाजूच्यांची सोबतही मिळाली.

आरंभी संकल्प सोडला जाई. हातात पाणी घेऊन देश, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि स्वतःचे गोत्र व नाव उच्चारून काय करणार व कशासाठी करणार हे स्पष्ट बोलायचे, असा हा विधी होता. 'यंदा जरा कमी खावे' अशा मोघम इच्छेला त्यात जागाच नव्हती. आहाराच्या नियमांचीही मापे ठरलेली होती : 'एकभुक्त' म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे, 'नक्त' म्हणजे दिवसभर उपाशी राहून रात्री जेवणे, 'अयाचित' म्हणजे न मागता जे समोर येईल तेवढ्यावर भागवणे, आणि 'धारणे-पारणे' म्हणजे एक दिवस उपवास व दुसऱ्या दिवशी भोजन. ज्याला यांपैकी काहीच झेपत नसे त्याच्यासाठी महिन्यागणिक एकच वर्ग सोडण्याचा सौम्य क्रम होता. श्रावणात भाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये. एका वेळी एकच गोष्ट सुटते आणि पुढच्या महिन्यात ती परतही मिळते, ही सोय ज्याने पहिल्यांदा लावली त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

लोकाचाराने शास्त्राच्या या चौकटीत स्वतःची भर घातली. कांदा, लसूण व वांगी चातुर्मासात वर्ज्य करणाऱ्या घरांत आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ करून मनसोक्त खाल्ले जात, आणि अनेक घरांत हा त्याग कार्तिकात न संपता मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवल्यावर सुटे. सोडायच्या गोष्टीचा निरोप घेण्याचा एक दिवस आणि तिला परत घरात घेण्याचा एक दिवस, दोन्ही सणासारखे असल्याने मधला काळ ओढगस्तीचा वाटत नसे. काही नेम भर घालण्याचे असत. लाख वाती, लाख दूर्वा किंवा लाख तुळशीपत्रे देवाला वाहण्याचा संकल्प डोळे दिपवणारा वाटतो खरा, पण चार महिन्यांत तो वाटून घेतला की रोजचा आकडा साधारण 830 होतो आणि दुपारच्या फुरसतीत उरकतो. पोथीच्या नेमालाही असाच आधार होता : श्रीधरांच्या 'हरिविजय' (1702) किंवा 'शिवलीलामृत' (1718) यांसारख्या ग्रंथांची अध्यायवार रचना दररोज ठरावीक वाचनाला सोयीची होती, आणि वाचणाऱ्याभोवती ऐकणारे जमत असल्याने वाचन चुकले की ते दहा जणांना कळे.

या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग नेम मोडण्याविषयीचा आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवनाचे अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे एक प्रसिद्ध वचन धर्मग्रंथांत वारंवार येते. आजारी माणसाच्या जागी पती, पत्नी, मुलगा वा भाऊ यांनी प्रतिनिधी म्हणून व्रत चालवण्याचीही मुभा होती. क्रोध, प्रमाद किंवा लोभ यांपायी व्रत खरोखरच मोडले, तर तीन दिवस उपवास किंवा मुंडन असे प्रायश्चित्त सांगून लगेच पुन्हा व्रतस्थ व्हावे असे म्हटले आहे. एक दिवस चुकला म्हणून उरलेले महिने सोडून द्यावेत, या मोहाला त्यामुळे आधार उरला नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत त्यांच्या आईचे, पुतळीबाईंचे, चातुर्मासातील एकभुक्त आणि सूर्यदर्शन झाल्याशिवाय न जेवण्याचा नेम यांचे वर्णन आहे. तो वारसा घेतलेल्या मुलाने 1915 मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात, चोवीस तासांत पाचच पदार्थ घेण्याचे व अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले, तेव्हा आजारपणातील औषधही त्या पाचांतच मोजायचे ठरवून त्यांनी कोणताही अपवाद ठेवला नाही. धर्मशास्त्राने औषधाला दिलेली सूट त्यांना पळवाट वाटली. शास्त्रकारांचा मार्ग सामान्य संसारी माणसासाठी अधिक दयाळू होता, असे म्हणावे लागते. दूध न घेण्याचे व्रतही त्यांनी घेतले होते; त्याबाबत पुढे 1919 च्या सुमारास मुंबईत आजारी असताना कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीच्या दुधाला तयार झाले आणि व्रताचे शब्द राखून त्याचा आत्मा गमावल्याची खंत त्यांनी नोंदवून ठेवली.

या चालीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या एकभुक्ताला, भूशयनाला व अळणी जेवणाला सधवेच्या वा पुरुषाच्या बाबतीत चार महिन्यांची मुदत आणि समाप्तीचा आनंद होता, तेच निर्बंध उच्चवर्णीय विधवेवर जन्मभरासाठी लादले गेले. तिने संकल्प सोडलेला नव्हता, तिच्या त्यागाला उद्यापनही नव्हते. 1888 मध्ये 'सुधारक' पत्र काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी रूढींना विवेकाची कसोटी लावण्याचा जो आग्रह धरला, त्याची गरज अशा ठिकाणी सर्वांत तीव्र होती. स्वतः निवडलेला नेम आणि दुसऱ्याने लादलेली शिक्षा बाहेरून सारखीच दिसतात, आणि समाजाने हा फरक फार काळ पाहण्याचे नाकारले.

उद्यापन म्हणजे व्रताची विधिपूर्वक सांगता. तिच्यात दान मुख्य असे आणि ते नेमाशी जुळणारे असे : जमिनीवर झोपण्याचे व्रत करणाऱ्याने शय्या द्यावी, मौन पाळणाऱ्याने घंटा द्यावी, आणि रूढीनुसार जो पदार्थ सोडला तो आधी दुसऱ्याला देऊन मग स्वतः खावा. 1973 पासून घरोघरी भिंतीवर लागलेल्या 'कालनिर्णय'सारख्या दिनदर्शिका चातुर्मासाचा आरंभ आणि समाप्ती अजूनही छापतात, आणि आजही कोणी या काळात चहा सोडतो, कोणी गोड सोडतो, कोणी पहाटे उठून ज्ञानेश्वरी वाचतो. यांतील पुष्कळांचा संकल्प मनातल्या मनात होतो आणि शेवटही कोणाला न कळता होतो; कांदेनवमीची भजी मात्र अनेक घरांत नेम न धरताही तळली जातात.