वायफायची मानके आणि जाहिरातीतील वेग

नवी दिल्ली : इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीतील वेग, राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग आणि मोबाइलच्या पडद्यावर प्रत्यक्ष मोजलेला वेग हे तीन आकडे एकमेकांशी क्वचितच जुळतात. ग्राहकाला त्यात फसवणुकीचा संशय येतो. तो कधी खराही असतो. परंतु बहुतेक वेळा हे तिन्ही आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. पहिला आकडा घरापर्यंत येणाऱ्या तारेचा, दुसरा प्रयोगशाळेतील कमाल क्षमतेचा आणि तिसरा त्या क्षणी, त्या खोलीत मिळणाऱ्या संदेशवहनाचा असतो.

वायफायची मानके आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था ८०२.११ या क्रमांकाखाली ठरवते. १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये ११, २००३ मध्ये ५४, २००९ च्या ‘एन’ मानकात ६०० मेगाबिट आणि २०१३ च्या ‘एसी’ मानकात जवळजवळ ७ गिगाबिट अशी कमाल मर्यादा वाढत गेली. अक्षरांचा हा गोंधळ टाळण्यासाठी २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने ‘वायफाय ४’, ‘५’, ‘६’ अशी सोपी नावे रूढ केली. नावे सोपी झाली, आकड्यांचे गूढ मात्र कायम राहिले.

‘एसी’ मानकाचे ७ गिगाबिट मिळवायचे तर १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल आणि एकाच वेळी आठ समांतर प्रवाह लागतात. सर्वसामान्य मोबाइलमध्ये असे एक किंवा दोनच प्रवाह असतात. बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या ‘एसी १२००’ राउटरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. यातील १२०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील ८६७ यांची बेरीज करून, ती वरच्या दिशेने पूर्णांकित करून काढलेला असतो. एखादा मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. त्यामुळे ही बेरीज त्याच्या उपयोगाची नाही. स्वस्त राउटरांत तार जोडण्याचे छिद्रच १०० मेगाबिटचे असते. तेथे ३०० मेगाबिटची योजना घेतली तरी तिचा दोन तृतीयांश भाग राउटरच्या दारातच अडतो.

उरलेली घट हवेत होते. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. प्रत्येक उपकरण आधी ऐकते, हवा मोकळी असल्यास क्षणभर थांबून माहिती पाठवते आणि नंतर पोचपावतीची वाट पाहते. या शिष्टाचारातच उपलब्ध वेळेचा मोठा वाटा खर्च होतो. म्हणून ५४ मेगाबिटच्या जुन्या उपकरणांना प्रत्यक्षात वीस-पंचवीस मेगाबिटच मिळत. शिवाय दूरच्या खोलीतील मंद उपकरण तीच माहिती पाठवायला अधिक वेळ घेते आणि तेवढा वेळ जवळच्या वेगवान उपकरणालाही ताटकळत ठेवते.

राजधानी परिसरात याला दाटीची जोड मिळते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ असून परस्परांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. जुने राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर येथे स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्रातून आलेले विद्यार्थी राहतात, तशा एकमेकांना खेटून उभ्या इमारतींत कितीतरी राउटर याच तीन चॅनेलांवर वाटेकरी होतात. एका प्रवाहाचा मोबाइल येथे २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ७२ मेगाबिटची जोडणी दाखवतो. हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. शेजाऱ्यांची वर्दळ वाढली की त्याहून कमी. मग योजना १०० मेगाबिटची असो वा ५०० ची.

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये परवानामुक्त झाल्याने मोठी सोय झाली. मात्र या लहरी भिंती व सळयांच्या काँक्रीटमधून जाताना अधिक क्षीण होतात. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा आणखी एक पट्टा खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. ‘वायफाय ७’च्या जाहिरातींत झळकणारा ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल त्यात एकदाच बसतो.

सार्वजनिक हॉटस्पॉटचे गणित आणखी बोलके आहे. दिल्ली सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये ११,००० हॉटस्पॉटची योजना सुरू केली. प्रत्येक व्यक्तीला दरमहा १५ जीबी, वेग कमाल २०० मेगाबिट आणि एका ठिकाणी एकावेळी दीडशे ते दोनशे जणांची सोय, असे त्या वेळी सांगण्यात आले. दोनशे जणांनी एकदम मागणी केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला १ मेगाबिट येतो. सर्वजण एकाच क्षणी माहिती उतरवत नाहीत, हे खरे. पण बसथांब्यावर गर्दीच्या वेळी प्रत्यय याच गणिताचा येणार. २०२३ पासून देशात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ मेगाबिट वेग आवश्यक आहे. २००४ च्या धोरणात हीच मर्यादा २५६ किलोबिट होती.

नियमनाची पोहोचही तारेपुरतीच आहे. ट्रायच्या २००६ च्या विनियमांनी सेवापुरवठादाराच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा वेग करारातील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक असावा, असा निकष घातला होता. २०२४ मध्ये नव्या विनियमांनी त्यांची जागा घेतली. घरातील वायफायचा वेग हा या मोजमापाचा विषय नव्हता. जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरवळणात असावा लागतो. ‘पर्यंत’ हा शब्द कोपऱ्यात बारीक छापणाऱ्यांनी हे वाचलेले दिसत नाही.

वेग तपासताना संगणक तारेने थेट जोडावा आणि इतर उपकरणे बंद ठेवावीत. बिट व बाइट यांची गल्लतही टाळावी : १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरवते आणि १ जीबीच्या चित्रफितीस सुमारे ८० सेकंद लागतात. तारेवर वेग ठीक असेल, तर दोष घरातील वायफायचा. राउटर मध्यभागी उंचावर ठेवणे आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडणे हा पहिला उपाय. तारेवरही वेग सतत कमी आढळल्यास वेळ व तारखेसह नोंदी ठेवून आधी सेवापुरवठादाराकडे आणि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.